पेडर रोडला शिव्या देणं थांबवा

जानेवारीतला तिसरा रविवार उलटला की पुढचे आठ-दहा दिवस मुंबईतल्या धावणाऱ्यांच्या तोंडी एकच रडगाणं असतं. पेडर रोडनं मारलं. पेडर रोडला पायात गोळे आले. तिथपर्यंत सगळं मस्त चाललं होतं, साडेचार तासांत नक्की आलो असतो, पण तो चढ आला आणि खेळ आटोपला. मुंबई मॅरेथॉन मी धावले आहे, अर्धी आणि पूर्ण दोन्ही. तो चढ माझ्याही मांड्यांनी सोसलेला आहे. म्हणूनच ठामपणे सांगते, त्या चढाचा काडीचाही दोष नाही. आणि त्याच्या नावानं बोटं मोडणाऱ्यांपैकी निम्म्यांना तरी हे मनातून ठाऊक असतं.

मुळात तो चढ आहे केवढा? हाजी अलीला समुद्राच्या पातळीवर असलेला रस्ता कंबाला हिलच्या अंगानं वर चढतो, जसलोक हॉस्पिटल मागे टाकतो आणि केम्प्स कॉर्नरला, १९६५ साली बांधलेल्या उड्डाणपुलाकडे उतरतो. कागदोपत्री त्याचं नाव डॉ. गोपाळराव देशमुख मार्ग. सगळी चढण मिळून आठ-दहा मजल्यांची. लालबाग-परळच्या टॉवरांमध्ये लिफ्ट बंद पडते तेव्हा हातात भाजीच्या पिशव्या घेऊन बायका याच्या दुप्पट चढतात. साताऱ्याच्या हिल मॅरेथॉनमध्ये यवतेश्वरचा घाट चढण्यातच निम्मी शर्यत जाते, आणि लोक हौसेनं नाव नोंदवून तिथे जातात, हसत परत येतात. मग मुंबईचाच चढ खुनी कसा ठरतो?

बॉस्टनच्या मॅरेथॉनमध्ये ‘हार्टब्रेक हिल’ नावाची टेकडी आहे. जगभरात तिची दहशत. तिची उंची सत्तावीस मीटरच्या आसपास, लांबी जेमतेम सहाशे मीटर. हे नाव पडलं ते १९३६ च्या शर्यतीवरून. जॉनी केली मागून आला, त्यानं पुढच्या टार्झन ब्राउनला गाठलं आणि जाता जाता त्याच्या पाठीवर थाप मारली. ब्राउन चवताळला, पुढे निघून गेला आणि शर्यत जिंकला. केलीचं काळीज तुटलं ते टेकडीमुळे नव्हे, आपण आधीच जिंकलो असं धरून चालल्यामुळे.

ती टेकडी बत्तीस-तेहतीस किलोमीटरांनंतर येते. आपला पेडर रोडही परतीच्या वाटेवर पस्तिसाव्या किलोमीटरच्या आसपास गाठायचा. स्नायूंत आणि यकृतात साठवलेली साखर साधारण तिसाव्या किलोमीटरच्या पुढे संपत येते. मुंबईत त्यात जानेवारीतलीही दमट हवा मिसळा. अंगावरचा घाम सुकत नाही, म्हणून शरीर थंड होत नाही. पहाटे पाचच्या सुमाराला निघालेला माझ्यासारखा सामान्य धावक तिथे पोचतो तेव्हा ऊन चांगलं वर आलेलं असतं. अशा वेळी सपाट रस्तासुद्धा चढच असतो. पेडर रोड फक्त तो हिशेब उघड करतो. हिशेब बिघडलेला असतो मरीन ड्राइव्हवर. थंड अंधार, टाळ्या, ढोल, शेजारून जाणारी गर्दी या सगळ्याच्या कैफात माणसं पहिले दहा किलोमीटर आपल्या ऐपतीबाहेरच्या वेगानं उधळतात. पायात वीस-पंचवीस हजारांचे बूट असतात. महिन्याला फी घेणारा प्रशिक्षक गटावर रोज कोष्टक पाठवत असतो. त्या कोष्टकात चढाचा सराव लिहिलेलाही असतो. तो टाळला जातो, कारण चढावर टायमिंग वाईट दिसतं आणि वाईट टायमिंग कुणाला दाखवता येत नाही. मग शर्यतीच्या दिवशी त्याच पेडर रोडवर फाटकाबाहेर येऊन संत्र्याच्या फोडी, मीठ, चिक्की आणि बिस्किटं वाटणाऱ्या भल्या रहिवाशांसमोर कंबर धरून उभं राहायचं, आणि घरी जाऊन रस्त्याला शिव्या द्यायच्या. हा कोडगेपणा आहे. स्वतःच्या आळसाचं खापर कंबाला हिलवर फोडणं बंद करा.

इथवर मी धावणाऱ्यांना झापलं. पण आळस हे अर्धंच कारण आहे, आणि उरलेल्या अर्ध्याबद्दल कुणीच तोंड उघडत नाही याचा मला जास्त राग आहे. चढाचा सराव करायचा कुठे? साधं धावायचं तरी कुठे?

गिरगावकरांचं बरं आहे. त्यांना चौपाटी आहे, मरीन ड्राइव्ह आहे, बाबुलनाथकडून किंवा वाळकेश्वरकडून मलबार हिल चढायची सोय घराजवळ आहे. दादरकरांना शिवाजी पार्क आहे. कट्ट्याभोवतीचा फेरा सव्वा किलोमीटरहूनही कमी, त्यात लाल मातीची धूळ छातीत जाते आणि त्या धुळीवरून रहिवासी वर्षानुवर्षं भांडतायत, तरी मैदान आहे. परळ-लालबागला काय आहे? आमच्या वाट्याला पूल. करी रोडचा पूल, चिंचपोकळीचा पूल, लांब जायचं तर दादरचा टिळक पूल. हेच आमचे डोंगर. तेही ट्रकांच्या वर्दळीआधी, पहाटे साडेचारला, फुटपाथ उखडलेला असेल तर रस्त्याच्या कडेनं, उभ्या टेम्पोंमधून वाट काढत. डॉ. आंबेडकर रोडच्या उड्डाणपुलाखालच्या अंधारात एकट्या बाईनं धावावं अशी तिथे कसलीच व्यवस्था नाही. आम्ही बायका तिघी-चौघी मिळून निघतो ते एकमेकींच्या सोबतीच्या हौसेनं नव्हे. एकटीनं धावलं तर मागून येणारी दुचाकी आपल्याजवळ हळू का झाली याचाच विचार करत किलोमीटर संपतो.

ही टंचाई आभाळातून पडलेली नाही. ती केलेली आहे, आणि कशी केली ते लालबागच्या कुठल्याही म्हाताऱ्याला विचारा. मुंबईत अठ्ठावन्न गिरण्या होत्या आणि त्यांच्याखाली सुमारे सहाशे एकर जमीन. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि गिरण्या पुन्हा नीट उभ्या राहिल्याच नाहीत. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत कलम ५८ आलं. त्यात वाटणी स्पष्ट होती. जमिनीचा विकास करायचा तर साधारण एक तृतीयांश मोकळ्या जागेसाठी महापालिकेला, एक तृतीयांश परवडणाऱ्या घरांसाठी म्हाडाला, उरलेली मालकाला. २००१ साली सरकारनं हे कलम बदललं. वाटणी सगळ्या जमिनीची न राहता फक्त बांधकाम नसलेल्या जमिनीची राहिली. गिरण्यांच्या आवारात बांधकाम नसलेली जमीन होतीच किती? प्रकरण कोर्टात गेलं. उच्च न्यायालयानं जनतेच्या बाजूनं कौल दिला आणि मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो फिरवून २००१ चा बदल कायम ठेवला. दोनशे एकरांच्या आसपास मैदानं आणि बागा गिरणगावाला मिळायच्या होत्या, त्यातला तुकडाच हाती आला. बाकीच्या जागेवर आज जे मॉल आणि टॉवर उभे आहेत, त्यांच्या पोडियमवर रहिवाशांसाठी रबरी जॉगिंग ट्रॅक आहेत. खाली चाळीतल्या पोराला धावायला फुटपाथ नाही.

कायदा वापरून, दिवसाढवळ्या, एका अख्ख्या वस्तीचं मैदान काढून घेतलं गेलं. ज्यांनी ते केलं त्यांच्यापैकी कुणालाही आजवर कसलीही किंमत मोजावी लागलेली नाही. आणि आपण भांडतोय कुणाशी, तर पेडर रोडच्या चढाशी!

केंद्र सरकारची नगररचनेची मार्गदर्शक तत्त्वं माणशी दहा ते बारा चौरस मीटर मोकळी जागा सांगतात. मुंबईत माणशी सव्वा चौरस मीटरच्या आसपास येते. पसरलेल्या घोंगडीएवढीही ती नाही. असं शहर वर्षातून एका रविवारी रस्ते बंद करतं, साठ हजारांवर लोकांना पळवतं, मार्गावरचे खड्डे तेवढे बुजवतं आणि स्वतःला धावणाऱ्यांचं शहर म्हणवून घेतं.

यावर मला एक उत्तर ठरलेलं मिळतं. ललिता बाबरला कुठे होतं मैदान? कविता राऊतला कुठे होते ट्रॅक? ललिता माण तालुक्यातल्या मोहीची. दुष्काळी भागातली ही मुलगी मुंबई मॅरेथॉनमध्ये २०१२ ते २०१४ सलग तीन वर्षं भारतीय महिलांत पहिली आली आणि २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकच्या स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली. कविता नाशिक जिल्ह्यातल्या आदिवासी पाड्यावरची. २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये तिनं कांस्यपदक आणलं. या दोघींची नावं मी आदरानं घेते, पण माझ्या तोंडावर त्यांची नावं फेकणाऱ्यांनी नीट पाहावं. त्यांच्याकडे बूट नसतील, पैसा नसेल, जमीन होती. पायाखाली माती होती, चढ होता, आणि समोर गाडी येत नव्हती. त्यांच्या हालांचा दाखला देऊन इतरांना सोय नाकारणं हा त्यांच्या कष्टांचाही अपमान आहे.

आणि नुसती शर्यत भरवून धावक तयार होतात ही समजूतही आता सोडा. शिवनाथ सिंगनी १९७८ मध्ये जालंधरला दोन तास बारा मिनिटांत मॅरेथॉन पूर्ण केली. मुंबईची शर्यत २००४ पासून भरते, तिच्यात आफ्रिकेतले धावक येऊन दोन तास आठ मिनिटांच्या आतही धावून गेले, तरी शिवनाथ सिंगांची वेळ चाळीस वर्षांहून अधिक काळ एकाही भारतीयाला मोडता आली नाही. शर्यत ही परीक्षा असते. शाळा न बांधता दर वर्षी थाटात परीक्षा घेणाऱ्या शहराला काय म्हणायचं?

शर्यतीच्या मार्गाबद्दलही एकदा बोललं पाहिजे. इतक्या वर्षांत तो गिरगाव चौपाटीवरून गेला, वरळीवरून गेला, दादर-माहीमवरून गेला, सी लिंकवरून गेला. परळ-लालबाग कधी त्यात आलं नाही. विचारलं की उत्तर मिळतं, तिकडे हॉस्पिटलं आहेत. केईएम आहे, टाटा आहे, वाडिया आहे, रुग्णवाहिकांचं काय? प्रश्न खरा आहे, मी तो उडवून लावत नाही. पण जसलोक ऐन पेडर रोडवर आहे आणि तिथे दर वर्षी रुग्णवाहिकांची वाट राखली जाते. जे तिथे जमतं ते हिंदमाता ते भायखळा या पट्ट्यात रविवारी पहाटे दोन तास जमणार नाही, हे मला कुणीतरी नकाशा समोर ठेवून पटवून द्यावं.

आता एक संधी आहे. महालक्ष्मी रेसकोर्सच्या दोनशे अकरा एकरांपैकी एकशे वीस एकर महापालिकेकडे सार्वजनिक बागेसाठी यायचं २०२४ मध्ये ठरलं. किनारी रस्त्यालगतच्या भरावाची जमीन त्याला जोडून मोठं उद्यान करायचं आहे, जमिनीखाली वाहनतळ आणि क्रीडा संकुल करण्याचीही भाषा झाली आहे. किनारी रस्त्याचा पदपथ ऑगस्ट २०२५ मध्ये उघडला तेव्हा मला आनंद झाला, समुद्राकडेनं सलग पाच किलोमीटर धावता येणं ही या शहरात मोठी गोष्ट आहे. पण तो कॉंक्रीटचा आहे, सपाट आहे, आणि लालबागहून तिथे पोचायलाच वाहन लागतं.

रेसकोर्सच्या त्या जमिनीवर मला कारंजी नकोत, पुतळे नकोत, तिकीट लावलेली पुष्पप्रदर्शनं नकोत. कडेकडेनं दोन-अडीच किलोमीटरची मातीची वाट हवी. पहाटे चारला उघडणारं फाटक हवं, फुकट, आणि ते फक्त हाजी अलीच्या बाजूला नको. डॉ. ई. मोझेस रोडच्या बाजूला हवं, म्हणजे महालक्ष्मी स्टेशनकडून, सात रस्त्याकडून, चिंचपोकळीचा पूल ओलांडून आमची माणसं चालत येतील. दिवे हवेत, बायकांसाठी पाणी असलेलं स्वच्छतागृह हवं. आणि त्या वाटेवर मातीचा एक चढ हवा, आठ-दहा मजल्यांएवढा नसला तरी दम काढेल इतका, मुद्दाम रचलेला. मॅरेथॉनच्या बिबसाठी जेवढे लोक दर वर्षी अर्ज भरतात, त्यातल्या निम्म्यांनी जरी हे सगळं महापालिकेला सह्यांनिशी लिहून दिलं, तरी एकशे वीस एकरांचं काय होतंय हे ठरवणाऱ्यांना आमच्याकडे बघावं लागेल. मी माझं पत्र दिलेलं आहे.