गॅलरीतली बाग : नानांचा उन्हाळा

मंडळी, सूचिपर्णी झाडं वाळवंटात कुठली, असं आम्हाला बरेच जण विचारतात. शेजारच्या ओमानात जबल अख्दरवर, सुमारे २१०० मीटरच्या वर, जुनिपर आपणहून वाढतात. पण गॅलरीत तो थंडावा आणायचा कुठून?

तरी या घराण्यातली एक ओळखीची मंडळी इथे टिकते : आपली मोरपंखी. तिची एक बुटकी, सोनेरी छटेची जात आहे, 'ऑरिया नाना'. लॅटिनमध्ये 'नाना' म्हणजे बुटका! आपले नाना घरातले वडीलधारे, हे नाना मात्र मीटर-दीड मीटरवर समाधानी. ऊन आणि चुनखडीची माती ते बऱ्यापैकी सोसतात.

सोसत नाहीत ती तापलेली कुंडी. काळ्या प्लास्टिकच्या कुंडीत मुळं अक्षरशः शिजतात. म्हणून ती कुंडी मोठ्या मातीच्या कुंडीत ठेवावी आणि मधल्या फटीत रेती भरावी. उन्हाळ्यात फक्त सकाळचं ऊन द्यावं. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी त्या दिवसांत गार नळालाही कढत येतं. ते रात्री बादलीत भरून पहाटे घालावं. बशीत पाणी साचू देऊ नये.

खरी कसोटी सुट्टीची. जुलैत शाळा बंद झाल्या की निम्मी बिल्डिंग पुण्या-मुंबईला! तुळस तहानली की मान टाकते, शेजाऱ्यांना लगेच कळतं. मोरपंखी बोलत नाही. आतून सुकली तरी बरेच दिवस हिरवीच दिसते, आणि तपकिरी झाली की उशीर झालेला असतो. जुन्या, पानं झडलेल्या फांदीला पुन्हा पालवी फुटत नाही. तेव्हा किल्ली देताना शेजारच्या वहिनींना आवर्जून सांगा, "हिरवी दिसली तरी बोटानं माती बघा, वरचा थर कोरडा लागला की पाणी घाला."

आणि कायमचं परतायची वेळ आली तर? भारतात रोप न्यायला आयात परवाना लागतो, आरोग्य प्रमाणपत्र लागतं. बॅगेत घालून नेता येत नाही. मग इथे राहणाऱ्या एखाद्या घरी नानांना सोपवावं, पाण्याची वेळ समजावून. आपल्यापैकी कितीतरी घरांत अशीच कुणाची तरी कुंडी आलेली आहे. तिची आठवण म्हणून तरी यंदा तिला सावलीत घ्या.

कुंडी बदलायची ती ऑक्टोबरनंतरच. त्याविषयी पुढच्या अंकी.