हिरकणी आणि माफीपत्र

सहा-सात वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या ओळखीच्या एका विद्यार्थ्यास, तो ज्या संस्थेत शिकत होता तिच्या निकालाच्या संकेतस्थळावर एक फट सापडली. वरच्या पत्त्यातील आसनक्रमांक बदलला की शेजारच्या मुलाचे गुण तर दिसतच, पण त्याच्या घरचा पत्ता व वडिलांचा दूरध्वनी क्रमांकही निमूटपणे पुढे येत असे. मुलगा सरळमार्गी. त्याने चार ओळींचा अर्ज लिहून ही गोष्ट कार्यालयास कळविली. आभाराचे पत्र येईल अशी त्याची भाबडी अपेक्षा होती. आले ते बोलावणे. दुसऱ्याचे पान तू उघडलेसच का, असा सवाल झाला, वडिलांस गावाहून बोलाविण्यात आले, आणि 'असा प्रकार पुन्हा करणार नाही' असे माफीपत्र लिहून घेऊन त्यास सोडण्यात आले. फट पुढे दोन सत्रे तशीच होती. संस्थेचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. ते सांगितल्याने इतर संस्था आपण सुटलो असे मानतील, आणि तसे त्यांनी मानावे अशी आमची मुळीच इच्छा नाही.

रायगडावरील हिरकणीची आख्यायिका महाराष्ट्रातील कोणत्या घरात ठाऊक नाही? सायंकाळी गडाचे दरवाजे मिटले, खाली घरी तान्हे मूल, म्हणून ती गवळण ज्या कड्यावरून उतरणे अशक्य असे सारे मानीत त्या कड्यावरून रात्रीच खाली उतरली. महाराजांस हे कळताच त्यांनी तिचा गौरव केला आणि ती जिथून उतरली तेथे बुरूज बांधविला. इतिहाससंशोधक या कथेस पुरावा विचारतील. तो त्यांनी खुशाल विचारावा. आम्हांस कथेतील समज महत्त्वाची वाटते. जिने फट दाखविली तिला लुगडे, आणि फटीला बुरूज! आमच्या आजच्या कार्यालयांच्या हाती हे प्रकरण पडते, तर हिरकणीकडून माफीपत्र घेतले गेले असते आणि कडा होता तसाच राहिला असता.

सातारा व सांगली या दोन जिल्ह्यांत संगणकशास्त्र शिकविणाऱ्या महाविद्यालयांची वाण नाही. सांगलीचे वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय १९४७ सालचे, कराडचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६० चे; आणि साताऱ्यास रयत शिक्षण संस्थेच्या महाविद्यालयांच्या समूहातून २०२१ साली कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठही उभे राहिले आहे. 'सायबर सुरक्षा' हे नाव आता बहुतेक अभ्यासक्रमांत झळकते. परंतु या नावाखाली शिकविले काय जाते? तपासनीस म्हणून आम्ही अनेक ठिकाणी गेलो आहोत, त्यावरून सांगतो. व्हायरस म्हणजे काय, वर्म म्हणजे काय, दोहोंतील फरक लिहा, गुण पाच. प्रात्यक्षिकाची जर्नले गतवर्षीच्या मुलांकडून उतरविलेली. एके ठिकाणी तीस जर्नलांतून संगणकाच्या पडद्याचे जे छायाचित्र चिकटविलेले होते त्याच्या कोपऱ्यातील घड्याळात तिसांच्या तीस ठिकाणी ११ वाजून ४२ मिनिटे झाली होती. आम्ही त्यांतील काहींस तोंडी परीक्षेत विचारले, "हे तुम्ही प्रत्यक्ष केले काय?" त्यांनी प्रामाणिकपणे सांगितले की, "सर, प्रयोगशाळेत हे करू देत नाहीत." अपवाद आहेत. वालचंदमध्ये विद्यार्थ्यांनीच चालविलेले लिनक्स-मंडळ आहे, आणि अशा मंडळांत मुले परस्परांपासून जे शिकतात ते कित्येकदा तासाला शिकलेल्याहून टिकाऊ असते. पण हौशी मुलांनी सुटीत करावयाचे काम आणि महाविद्यालयाने जबाबदारीने द्यावयाचे शिक्षण यांत अंतर आहे.

आणि हे पाठांतर कोणत्या भूमीत चालले आहे? लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली आज सांगली जिल्ह्यात असलेल्या माळरानावर किर्लोस्करवाडी वसविली, तेव्हा नांगर ओतणारे कारागीर त्यांना कोणा विद्यापीठाने तयार करून दिले नव्हते. ते भट्टीपाशी तयार झाले. कर्मवीर भाऊराव पाटील शिक्षणकार्यात पडण्यापूर्वी ओगल्यांचे कंदील व किर्लोस्करांचे नांगर विकीत हिंडले, आणि १९१९ साली त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली ती श्रम आणि शिक्षण यांची फारकत न मानता. 'कमवा आणि शिका' हे शब्द आपण समारंभांत इतक्या वेळा उच्चारतो की त्यांचा अर्थ जुन्या नाण्यावरील अक्षरांसारखा झिजून गेला आहे. कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीस कांस्यपदक मिळविले. त्यांना कुस्ती कोणी फळ्यावर शिकविली असे अद्याप आमच्या कानावर नाही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला. घरफोडी शिकवून तुम्ही चोर तयार कराल! हा आक्षेप घेणारे गृहस्थ बहुधा विश्वस्त किंवा पालक असतात आणि त्यांचा हेतू चांगला असतो, म्हणून त्यास उत्तर दिले पाहिजे. मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात प्रेतास स्पर्श न करता, केवळ चित्रे पाहून शरीरशास्त्र शिकलेला शल्यवैद्य आपल्या पोटावर सुरी चालवावयास आला, तर हे गृहस्थ काय करतील? सुरी खुन्याच्या हातीही असते, हे कारण सांगून तेथील शवविच्छेदन कोणी बंद पाडले नाही. कुलपांच्या बाबतीत तर हा वाद पावणेदोनशे वर्षांपूर्वीच होऊन चुकला आहे. १८५१ साली लंडनच्या महाप्रदर्शनाच्या वेळी हॉब्स नावाच्या अमेरिकन कुलूपकाराने ब्रामाचे अभेद्य मानलेले कुलूप उघडून दाखविले. हे कुलूप काढणाऱ्यास दोनशे गिनी देऊ, असे आव्हान कित्येक दशके दुकानाच्या खिडकीत टांगलेले होते. हॉब्सला सोळा दिवसांत मिळून एकावन्न तास लागले. लोक हादरले, आणि असल्या गोष्टींचा बोभाटा करू नये असे तेव्हाही पुष्कळांनी म्हटले. परिणाम काय झाला? कुलपे सुधारली. चोरास विद्या आधीच अवगत असते. अज्ञानात राहतो तो घरमालक.

दुसरा आक्षेप कायद्याचा, आणि तो आम्ही हसण्यावारी नेत नाही. २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ४३ व्या कलमाप्रमाणे मालकाच्या परवानगीवाचून दुसऱ्याच्या संगणकात शिरणे हे नुकसानभरपाईस पात्र ठरते, आणि तेच कृत्य अप्रामाणिकपणे वा कपटाने केले तर ६६ व्या कलमाखाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. वर सांगितलेल्या मुलाचा हेतू स्वच्छ होता, तरी त्याच्यापाशी परवानगीचा कागद नव्हता हे खरेच. परंतु यावरून निष्पन्न काय होते? मुलांस हात लावू देऊ नये, हे नव्हे. त्यांस परवानगीची सीमा शिकवावी, ती लेखी मिळवून द्यावी, आणि तिच्या आत मोकळे सोडावे, हे होय. जी संस्था हा कागद देत नाही आणि मूल चुकले की कायदा दाखविते, तिने शिक्षकाचे काम सोडून फौजदाराचे पत्करले आहे.

राहिला पैशाचा प्रश्न. तो आम्ही एका परिच्छेदाचाही मानीत नाही. प्रत्येक महाविद्यालयाच्या अडगळीच्या खोलीत मोडीत काढलेले दहा-पंधरा संगणक धूळ खात असतात. ते एकमेकांस जोडावे, बाहेरच्या जगाशी असलेली तार तोडावी, त्यांवर फुकट मिळणारी लिनक्स प्रणाली घालावी, मुद्दाम सदोष ठेवलेले एखादे संकेतस्थळ मांडावे, आणि अर्ध्या मुलांस ते फोडावयास व अर्ध्यांस राखावयास बसवावे. आठवड्याने बाजू बदलाव्या. हीच तालीम.

खरी अडचण शिक्षकांची आहे, आणि येथे आम्ही स्वतःस वगळू इच्छीत नाही. आमचा मूळ विषय गणित; संगणक आमच्या वाट्यास चाळिशीनंतर आला. गुप्तलेखनाचे गणित आम्ही फळ्यावर उत्तम सिद्ध करून दाखवितो, परंतु प्रत्यक्ष यंत्रावर हल्ला चालू असता त्याच्या नोंदी कशा वाचाव्या हे आम्ही एका एकविसाव्या वर्षीच्या मुलीपासून शिकलो, तेही वयाच्या बावन्नाव्या वर्षी. तीत आम्हांस लाज वाटली नाही. आमच्या सहकाऱ्यांस ती का वाटते, हे आम्हांस कळत नाही. विद्यार्थ्यापुढे चुकण्याचे भय बाळगणारा शिक्षक जर्नलेच तपाशीत बसणार.

हा सारा खटाटोप मुलांस बंगळूरास नोकरी लागावी म्हणून नाही. १९०६ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेवर २०१८ च्या ऑगस्टात काय ओढवले ते आठवा. व्यवहार मंजूर करणाऱ्या यंत्रणेच्या जागी चोरांनी आपली बनावट यंत्रणा बसविली. खात्यात शिल्लक आहे की नाही हे बँकेस न विचारताच ती होकार देत गेली. बनावट कार्डांनी अठ्ठावीस देशांतून पैसे निघाले, भारतात जेथून निघाले त्या शहरांत आमचे शेजारचे कोल्हापूरही होते, आणि दोन दिवसांनी सुमारे चौदा कोटी हाँगकाँगला रवाना झाले. एकूण चौऱ्याण्णव कोटींवर रक्कम गेली. ती बँक मोठी म्हणून सावरली. आता आमच्या दोन जिल्ह्यांकडे पाहा. सहकार ही येथील जीवनाची दोरी. निवृत्त शिक्षकाचा फंड, हळदीची पट्टी, उसाचे बिल, मुलीच्या लग्नाची ठेव, सर्व काही नागरी बँकांत आणि पतसंस्थांत. नागरी बँकांसाठी रिझर्व्ह बँकेने २०१८ च्या ऑक्टोबरात सुरक्षेची किमान चौकट तरी घालून दिली. पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या कक्षेतच येत नाहीत. कित्येक पतसंस्थांत परवलीचा शब्द आजही संगणकाच्या कडेला चिठ्ठीवर चिकटविलेला असतो, आणि तोच शब्द शिपायापासून व्यवस्थापकापर्यंत सर्व वापरतात.

संशोधनाचे विषय म्हणून आमचे प्राध्यापक परदेशी निबंधांची उष्टी पाने चाळतात, आणि हे क्षेत्र दाराशी पडीक आहे! मराठीतून येणारे कोणते फसवे निरोप लोकांस खरे वाटतात? 'डिजिटल अटक' म्हणून कायद्यात काहीच नसता, शिकले-सवरलेले निवृत्त गृहस्थ दूरध्वनीवरील तोतया फौजदारापुढे दोन-दोन दिवस घरात कोंडून का बसतात, आणि १९३० हा मदतीचा क्रमांक त्यांना ऐन वेळी का आठवत नाही? पतसंस्थेच्या कारकुनास पेलेल अशी सुरक्षेची शिस्त कोणती? या प्रश्नांची उत्तरे अमेरिकेत मिळणार नाहीत. ती विटा, तासगाव, वाई, फलटण येथे जाऊन, माणसांशी बोलून आणि यंत्रे तपासून मिळवावी लागतील, आणि नव्या शैक्षणिक धोरणाने प्रत्यक्ष कार्यानुभवास जे श्रेयांक दिले आहेत ते याच कामासाठी वापरता येतात. आज ते कोठल्याशा दुकानाचे शिक्का मारलेले प्रमाणपत्र आणून वसूल केले जातात, हे सर्वांस ठाऊक आहे.

म्हणून आमची मागणी लहान आहे. प्रत्येक महाविद्यालयाने जवळच्या एका पतसंस्थेशी लेखी करार करावा. कोणती यंत्रे पाहावयाची, कोणत्या दिवशी, काय करावयाचे नाही, सापडलेला दोष कोणास व किती दिवसांत कळवावयाचा, ठेवीदाराचे नावही बाहेर गेल्यास जबाबदारी कोणाची, हे त्यात स्पष्ट असावे. प्राध्यापकाने सही करावी आणि पाहणीच्या वेळी स्वतः उपस्थित राहावे. आणि आपल्या स्वतःच्या संकेतस्थळात दोष दाखविणाऱ्या विद्यार्थ्यास माफीपत्र मागितले जाणार नाही, असा ठराव महाविद्यालयाने आधी करावा. अशा कराराचा दीड पानांचा मसुदा आम्ही एका वकील मित्राच्या साह्याने मराठीत तयार केला आहे. तो दोन संस्थांस दाखविला. एकीने विचार करून कळवितो म्हटले. दुसरीच्या अध्यक्षांनी चष्मा काढून तो दोनदा वाचला आणि विचारले, "पोरं कधी पाठविता?" परीक्षा आटोपताच पाठवू, असे आम्ही सांगितले आहे.