व्यापार रक्तात असतो काय?

‘व्यापार हा मुळी शिकण्याचा विषयच नव्हे, तो रक्तात असावा लागतो,’ हे वाक्य आमच्या सुशिक्षित घरांतून इतक्या सहजपणे उच्चारले जाते की, त्याची शहानिशा करण्याची तसदी कोणी घेत नाही. एखाद्या प्राध्यापकाने धंद्यातील साहस, सौद्याची बोलणी, परस्परविश्वास व प्रसंगावधान यांच्या अभ्यासात आयुष्य वेचले, तर ‘ज्याने कधी काड्याची पेटीही विकली नाही, तो काय शिकविणार!’ अशी त्याची थट्टा होते. या थट्टेचा समाचार घेणे आम्हांस अगत्याचे वाटते. कारण तिची किंमत तो प्राध्यापक देत नाही, आमची मुले देतात.

ग्रहणाचे गणित करणारा ज्योतिषी चंद्रावर जाऊन आलेला नसतो. अभ्यासकाने डोळसपणे पाहिले की नाही, एवढाच प्रश्न. अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाचे कायद्याचे प्राध्यापक स्टुअर्ट मॅकॉले यांनी ६८ व्यापारी व वकील यांच्याकडे विचारपूस करून १९६३ साली आपला निबंध प्रसिद्ध केला. त्यांस आढळले ते असे की, काटेकोर करार पुष्कळदा केलेच जात नाहीत, आणि तंटा उपस्थित झाला तरी कोर्टाची पायरी क्वचितच चढली जाते. व्यवहार चालतो तो दिलेल्या शब्दावर, आणि पुढेही संबंध राहावा या इच्छेवर. कायद्याच्याच प्राध्यापकाने कायद्याची मर्यादा दाखवावी, याहून निःपक्षपाती साक्ष ती कोणती?

हर्बर्ट सायमन यांच्या शिष्या सरस सरस्वती यांनी २७ अनुभवी उद्योजकांपुढे एकाच काल्पनिक मालाचा प्रश्न ठेवून त्यांस मोठ्याने विचार करावयास सांगितले. त्यावरून बांधलेला सिद्धान्त त्यांनी २००१ साली मांडला. हे लोक ध्येय आधी ठरवून साधने शोधीत नाहीत. आपण कोण, आपणांस काय येते, ओळखी कोणाच्या, येथून ते निघतात आणि किती नुकसान सोसवेल ते आधी पाहतात. अयशस्वी झालेल्यांची साक्ष येथे नाही, हा आक्षेप आम्हांस मान्य आहे. पण त्यावर उपाय अधिक अभ्यास हाच होय, उपहास नव्हे.

आता ‘रक्ता’विषयी. पेढीवाल्याचा मुलगा लहानपणापासून गादीशेजारी बसतो. भाव कसा तोडावा, उधारी कोणास द्यावी, नाही कसे म्हणावे, हे रोज ऐकतो. याला रक्त म्हणावयाचे की शिक्षण? गवयाची तान ऐन वेळी सुचते हे खरे, पण तिच्यामागे वर्षांचा रियाज असतो. प्रसंगावधानाचेही तसेच आहे. रक्ताची भाषा पेढीवाल्याच्या श्रमाची किंमत नाकारते आणि ज्याच्या घरी गादी नाही त्याच्या मुलास दार लावून घेते. जातीचा अभिमान व नोकरीची सुरक्षितता या दोहोंस ती सोयीची आहे, म्हणूनच ती इतकी टिकली.

लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक होते. त्यांच्या घरी पेढी नव्हती. बेळगावात सायकलीच्या दुकानापासून त्यांनी आरंभ केला. लोखंडी नांगराने जमीन नासते म्हणणाऱ्या शेतकऱ्यांचा विश्वास चिकाटीने मिळविला. बेळगावची जागा सोडावी लागली तेव्हा औंधच्या अधिपतींच्या साहाय्याने १९१० साली किर्लोस्करवाडी वसविली. हाताशी असेल त्यापासून निघणे, शब्दावर माणसे जोडणे, संकटातून नवी वाट काढणे: प्राध्यापक ज्याचा अभ्यास करितात ते हेच.

ग्रंथ वाचून प्रत्येकजण लक्ष्मणराव होईल, असे आम्ही म्हणत नाही. परंतु ज्या मुलास गादी लाभली नाही, त्याच्यासाठी असा अभ्यास हीच गादी आहे. तेव्हा धंद्यात पडू इच्छिणाऱ्या मुलास वा मुलीस ‘आपल्या रक्तात नाही’ असे सांगण्यापूर्वी वडीलधाऱ्यांनी स्वतःस एवढेच विचारावे: आम्ही त्यांस शिकविले काय?