नवीन किनारा दिसला म्हणून लगेच दुकान टाकू नका

गेल्या काही महिन्यांत एक प्रश्न मला सारखा येतोय. "सर, पहिलं दुकान बरं चाललंय. दुसऱ्या गावात चांगला गाळा मिळतोय. घेऊ का?" कोणी वडिलांच्या पीएफचे पैसे लावणार असतं, कोणी घरातलं सोनं. त्यामुळे "हो, घ्या, धाडस करा" असं पटकन सांगून मी मोकळा होऊ शकत नाही.

आज या प्रश्नाचं उत्तर एका कॉम्प्युटर गेममधून देतो. हसू नका. माझा भाचा दिवाळीच्या सुट्टीत आठ दिवस आमच्याकडे होता, आणि त्याच्या शेजारी बसून मी जे बघितलं ते शाखा वाढवणाऱ्या प्रत्येकाने बघावं असं मला वाटतं.

गेमचं नाव 'युरोपा युनिव्हर्सलिस ४'. पॅराडॉक्स या स्वीडिश कंपनीने तो २०१३ साली आणला. खेळ सुरू होतो १४४४ मध्ये. तुम्ही एक राज्य निवडायचं आणि १८२१ पर्यंत ते चालवायचं. खजिना, सैन्य, व्यापार, सगळं तुमच्या हातात. सुरुवातीला जगाचा बराचसा नकाशा पांढरा असतो, कारण तुमच्या राज्याला तो माहीतच नसतो.

या पांढऱ्या भागाशी तुम्हाला दोन कामं असतात. पहिलं काम शोध. एक दर्यावर्दी नेमायचा, त्याला काही हलकी जहाजं द्यायची आणि पाठवायचं. एखादं जहाज बुडेल, पण नकाशा उघडतो. दुसरं काम वसाहत. त्यासाठी कॉलनिस्ट लागतो, म्हणजे तिथे जाऊन वस्ती उभी करणारा आपला माणूस. हे कॉलनिस्ट मोजकेच मिळतात, सुरुवातीला तर बहुधा एकच. वस्तीची लोकसंख्या १००० झाली की ती पूर्ण धरली जाते. तोपर्यंत दर महिन्याला खर्च तुमचा आणि उत्पन्न जवळजवळ नाही.

आता यातली खरी गोम सांगतो. कॉलनिस्टला अर्ध्यातून उचलून दुसरीकडे पाठवता येतं. पहिली वस्ती बंद पडत नाही, आपली रखडत वाढत राहते. त्यामुळे माणूस एक असला तरी चार ठिकाणी वस्त्या उघडता येतात. पण कॉलनिस्टांच्या संख्येपेक्षा चालू वस्त्या जास्त झाल्या की खर्च झपाट्याने चढतो. दुप्पट वस्त्यांना दुप्पट खर्च, असा सरळ हिशोब राहत नाही.

भाच्याने काय केलं

भाचा एक 'मॉड' खेळत होता. मॉड म्हणजे मूळ गेममध्ये खेळाडूंनी स्वतः केलेला बदल. इतिहास वेगळा घडला असता तर, अशा कल्पनेवरचे मॉड खूप आवडीने खेळले जातात. 'थर्ड ओडिसी' नावाच्या मॉडमध्ये बायझंटाईन लोक कॉन्स्टँटिनोपल सोडून अटलांटिकपलीकडे नवं राज्य वसवायला निघतात. भाच्याचा मॉड घरगुती होता, त्याने स्वतःच केलेला. कल्पना अशी की, स्कॉटलंडने इंग्लंडच्या आधी समुद्रापार मजल मारली तर?

पहिल्या दिवशी साहेबांचा उत्साह बघण्यासारखा होता. जहाजं सुटली, किनारे दिसायला लागले. किनारा दिसला की कॉलनिस्ट तिथे. त्याच्या पुढचा दिसला की मागचा अर्धवट टाकून पुढे. दोन तासांत पाच वस्त्या! एकीचीही लोकसंख्या ४०० च्या वर नाही. मग कर्ज, कर्जाचं व्याज फेडायला दुसरं कर्ज, आणि शेवटी दिवाळखोरी. मला म्हणाला, "मामा, मॉडचा बॅलन्सच चुकलाय. खर्च फार आहे."

मॉडमधले आकडे साध्या टेक्स्ट फाइलमध्ये असतात. त्याने वस्तीचा खर्च जवळजवळ शून्यावर आणला. परत खेळायला बसला. आता सगळं सोपं झालं. दिसेल तो किनारा त्याचा. दुसऱ्या दिवशी दुपारी कॉम्प्युटर बंद करून क्रिकेट बघत बसला. विचारलं तर म्हणाला, "काही मजाच नाही. विचारच करावा लागत नाही."

माझं मत सांगतो. मॉड करणाऱ्याने शोध स्वस्त ठेवावा आणि वसाहत महाग. दोन्ही फुकट केलं तर खेळ नकाशा रंगवण्याचा होतो. दोन्ही महाग केलं तर कोणी बंदरच सोडणार नाही. "बघून यायला हरकत नाही, पण राहायचं कुठे ते विचार करून ठरव," असं जो खेळ म्हणतो तो खरा. आणि आपल्या धंद्याचे आकडे बदलायला कुठली फाइल नसते, म्हणून हा बॅलन्स आपल्यालाच सांभाळावा लागतो.

खऱ्या स्कॉटलंडचं काय झालं

भाच्याला मी खरी गोष्ट सांगितली तेव्हा तो गप्पच झाला. जुलै १६९८ मध्ये स्कॉटलंडच्या लीथ बंदरातून पाच जहाजं निघाली. सुमारे १२०० माणसं. जायचं होतं पनामाच्या चिंचोळ्या पट्टीत, दारियन नावाच्या जागी. योजना विल्यम पॅटरसनची. हा साधासुधा माणूस नव्हता, बँक ऑफ इंग्लंडची कल्पना मांडणाऱ्यांपैकी एक. दोन महासागरांच्या मधोमध पेठ उघडायची, जगाचा व्यापार तिथून जाईल, असं त्याचं गणित. कागदावर झकास! सरदारांपासून छोट्या व्यापाऱ्यांपर्यंत लोकांनी मिळून ४ लाख पौंडांचे शेअर घेण्याचं कबूल केलं. त्या छोट्या देशासाठी ही प्रचंड रक्कम होती.

पण दारियनची माहिती मुख्यतः खलाशांच्या सांगण्यावरची. तिथला पाऊस, ताप, तिथे काय विकलं जातं, हे आधी छोटी तुकडी पाठवून कोणी तपासलं नाही. बरोबर नेलेल्या मालात लोकरी कापड होतं, कंगवे होते, डोक्यावर घालायचे विगही होते. त्या उष्ण दमट जंगलात ते घेणार कोण? स्पेनचा त्या जागेवर दावा होता. इंग्लंडच्या राजाने आपल्या वसाहतींना त्यांना मदत करू नका असं सांगितलं. माणसं तापाने मेली, पॅटरसनची बायकोही तिथेच गेली. वर्षभरात पहिली वस्ती सोडली. ती बातमी मायदेशी नीट पोचायच्या आत दुसरी तुकडी निघाली होती. १७०० मध्ये स्पॅनिश वेढ्यापुढे तिनेही जागा सोडली. सात वर्षांनी, १७०७ मध्ये, स्कॉटलंड इंग्लंडबरोबरच्या एका राज्यात सामील झालं. त्यामागे कारणं बरीच होती, पण दारियनमध्ये बुडालेला पैसा हे त्यातलं एक मोठं कारण मानतात.

भाच्याची चूक तीच होती, फक्त त्याच्याकडे 'परत सुरू करा'चं बटण होतं.

पोर्तुगालने हिशोब कसा ठेवला

आता दुसरी बाजू. पोर्तुगालही छोटाच देश. त्यांचं जहाज १४३४ मध्ये आफ्रिकेचं बोजादोर भूशिर ओलांडून गेलं आणि वास्को द गामा कालिकतला पोचला १४९८ मध्ये. मध्ये ६४ वर्षं. दरवेळी थोडं पुढे, आणि जाता जाता व्यापार.

यातला एक करार मला फार आवडतो. १४६९ मध्ये राजाने लिस्बनच्या फर्नाओ गोमेश नावाच्या व्यापाऱ्याला गिनीच्या व्यापाराचा मक्ता दिला. त्याने राजाला दरवर्षी २ लाख रेइस द्यायचे. वर एक अट होती, पाच वर्षं दरवर्षी १०० लीग, म्हणजे पाचशे किलोमीटरहून जास्त, नवा किनारा शोधायचा. बघा हं. शोधाला मुदत आहे, माप आहे, आणि त्याचा खर्च चालू धंद्यातून निघतोय. राजाच्या खजिन्यातून काही जात नाही, उलट पैसे येतात.

१४७१ च्या सुमारास गोमेशची माणसं आजच्या घानाच्या किनाऱ्यावर पोचली. तिथे सोनं मिळायला लागलं. लगेच किल्ला बांधला का? नाही. दहा-अकरा वर्षं व्यापार करून मागणी पक्की झाली, आणि मग १४८२ मध्ये एल्मिनाला किल्ला उभा राहिला. त्यासाठी दगड आणि लाकूड पोर्तुगालमधूनच घडवून जहाजांतून नेलं होतं. आपल्याकडेही तसंच. गामा आल्यावर आधी वखारी, मग कोचीनचा किल्ला, आणि गोवा घेतलं १५१० मध्ये.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. एल्मिनातून पुढे गुलामांचा व्यापार चालला, आणि गोव्याने १९६१ पर्यंत काय सोसलं हे आपल्याला सांगायची गरज नाही. गेममध्ये 'पांढरा नकाशा' दिसतो तिथे खरी माणसं राहत होती. त्यांच्याकडून घ्यायचा तो फक्त हिशोब.

आणि नुसता शोधही पुरत नाही. चीनच्या झेंग ह याने १४०५ ते १४३३ मध्ये सात प्रचंड सफरी केल्या, आफ्रिकेपर्यंत जाऊन आला. पण त्या सफरी स्वतःचा खर्च काढत नव्हत्या. दरबाराचं मन बदललं आणि सगळं थांबलं. वर्षानुवर्षं मार्केट सर्व्हे करणारे, दर महिन्याला नवीन कोर्स लावणारे आणि एकही बिल न फाडणारे मित्र तुमच्याही ओळखीत असतील. त्यांचं असंच होतं.

माझा स्वतःचा दारियन

हे मी पुस्तकातून शिकलो असतो तर बरं झालं असतं. माझा चिवडा-फरसाणचा धंदा होता सांगलीत. काउंटर चांगलं चालायचं. एका दिवाळीत विक्री जोरात झाली आणि मी त्याच वर्षी इचलकरंजी आणि सोलापूर, दोन्हीकडे गाळे घेतले. भरवशाचा माणूस एकच होता, माझा धाकटा भाऊ. त्याला आठवड्याचे तीन दिवस इकडे, तीन दिवस तिकडे पळवायचो. सोलापुरात मी त्याआधी चिवड्याचं एक पाकीटही विकून बघितलं नव्हतं. आमचा चिवडा गोडसर, तिथल्या गिऱ्हाइकाला हवा तिखट. हे कळायला मला डिपॉझिट, फर्निचर आणि सात महिन्यांचं भाडं मोजावं लागलं. दोन खोकी नमुना घेऊन एसटीने गेलो असतो तर दोन दिवसांत कळलं असतं.

सगळ्यात वाईट काय झालं माहितेय? मी तिकडे पळत असताना सांगलीच्या काउंटरवर उधारी वाढली. पोसणारं दुकान एकच होतं आणि त्याच्याकडेच कोणी बघत नव्हतं. शेवटी बायकोच्या पाटल्या गहाण पडल्या, दोन्ही गाळे सोडले. पाटल्या सोडवायला तीन वर्षं लागली.

मग करायचं काय

शोध बंद करू नका. त्याचं वेगळं खातं ठेवा. महिन्याच्या नफ्यातला छोटा, ठरलेला हिस्सा. हा पैसा बुडाला तरी घरचा किराणा थांबणार नाही, एवढाच. त्यात आठवडी बाजारात टेबल लावा, प्रदर्शनात स्टॉल घ्या, दुसऱ्या गावातल्या दुकानदाराकडे माल ठेवून बघा. आणि गोमेशसारखी मुदत घाला. "तीन महिन्यांत या गावात इतकी गिऱ्हाइकं परत आली पाहिजेत," असं आधी लिहून ठेवा.

वसाहतीसाठी मात्र माणसं मोजा. गाळे किती मिळतात ते नंतर. तुमच्याशिवाय गल्ला सांभाळेल, माल नाकारेल, उधारी मागेल असा माणूस किती जण? एक असेल तर नवीन जागा एकच. आणि पहिली जागा स्वतःचं भाडं, पगार, वीजबिल काढून वर चार पैसे द्यायला लागली, म्हणजे तिचे १००० पूर्ण झाले, की मगच पुढची.

कोणी म्हणेल, "सर, तोपर्यंत जागा दुसरा घेईल." घेईल, खरंय. गेममध्येही कधी कधी चांगला किनारा दुसरा पटकावतो. पण खेळ संपतो तो दिवाळखोरीने. एक किनारा गेला म्हणून कोणाचा खेळ संपलेला मी बघितला नाही.

आज रात्री दुकान बंद केल्यावर वहीचं एक पान घ्या. डावीकडे तुमच्या चालू आणि डोक्यात असलेल्या सगळ्या जागा लिहा. उजवीकडे प्रत्येक जागेसमोर एका माणसाचं नाव. एक नाव दोनदा लिहायचं नाही, आणि तुमचं स्वतःचं नाव फक्त एकदाच. ज्या जागेसमोर नाव नाही, तिथल्या गाळामालकाला उद्या फोन करा आणि सांगा, "सध्या नको, पुढच्या वर्षी बघू."

भेटूया पुढच्या व्हिडिओत.