इशारा पोहोचायचा कुठे?

लेण्याद्रीच्या पायऱ्या चढून गिरिजात्मजाच्या दर्शनाला आलेल्यांपैकी कुणी ना कुणी विचारतंच, "हा सगळा ज्वालामुखीचा दगड ना? मग पुन्हा पेटणार का?" नाही पेटणार. हा काळा पाषाण सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा. तोही बहुतेक भेगांमधून वर आलेला: जमीन लांबच लांब फाटली, लाव्हा पसरला, थरावर थर बसले. घाटरस्त्याच्या कापात दोन काळ्या थरांमध्ये लाल पट्टा दिसला तर समजावं, तेवढा काळ लाव्हा थांबला होता आणि दगडाची माती होत होती. बाहेरची राख मात्र लेण्याद्रीच्याच तालुक्यात आहे. बोरीला कुकडीच्या काठी सापडलेला राखेचा थर सुमात्रातल्या तोबा ज्वालामुखीचा, म्हणजे तीन हजार किलोमीटरवरून आलेला.

ज्वालामुखी सहसा सांगून येतो. खालचा तप्त रस भोवतालच्या खडकापेक्षा हलका, म्हणून वर सरकतो. वाट काढताना खडक तडकतात, बारीक भूकंप सुरू होतात. जमीन किंचित फुगते. डोळ्यांना कळत नाही, उपग्रहाला कळतं. दाब उतरला की रसात विरघळलेला वायू सुटतो. फिलिपिन्सच्या पिनातुबोतून १३ मे १९९१ ला दिवसाला सुमारे ५०० टन सल्फर डायऑक्साइड निघत होता, २८ मेला ५,००० टनांवर. जूनच्या सुरुवातीला तो एकाएकी घटला. आपल्याकडे 'धोका टळला' म्हणून पेढे वाटले असते! तिथल्या शास्त्रज्ञांनी ताडलं की वाट बुजली असावी, आत दाब साठतोय. हजारो लोकांना आधीच हलवलं. १५ जूनला डोंगराचा माथाच गेला.

कोलंबियात उलटं झालं. नेवादो देल रुइझ या ज्वालामुखीच्या धोक्याचा नकाशा महिनाभर आधी तयार होता, पण आर्मेरो गाव हललं नाही. १३ नोव्हेंबर १९८५ च्या रात्री चिखलाचे लोंढे उतरले आणि सुमारे २३ हजार माणसं गेली. शास्त्र कमी पडलं नव्हतं, निर्णय कमी पडला.

आपल्याला लाव्हाची भीती नाही, पण त्याच लाव्हाच्या डोंगरांवरची माती पावसात सुटते. आंबेगाव तालुक्यातलं माळीण ३० जुलै २०१४ च्या सकाळी दरडीखाली गेलं, १५१ जीव गेले. गाव जागेवर नाही, हे आधी लक्षात आलं ते एसटीच्या चालकाच्या.

उताराला चीर पडणं, झाडं-खांब कलणं, झऱ्याला अचानक गढूळ पाणी येणं हे यंत्राआधी वाडीतल्या बायामाणसांना, गुराख्यांना दिसतं. त्यांनी सांगायचं कुणाला? तलाठ्याला, पोलीस पाटलाला, की तहसीलला खेटे घालायचे? रात्री दोन वाजता वाडी हलवायचा शब्द कुणाचा, आणि जायचं कुठल्या शाळेत? डोंगरकुशीतल्या प्रत्येक ग्रामपंचायतीने हे मृगाआधीच्या ग्रामसभेत नावानिशी ठरवावं आणि फोन नंबरांसकट चावडीवर लावावं.