ओसरी आत घेऊ नका

जुन्नर किंवा आंबेगाव तालुक्यात तुमचे जुने घर असेल आणि ते सुधारण्याची बोलणी चालू असतील, तर 'ओसरी आत घेऊ, एक खोली वाढेल' हे वाक्य तुमच्या कानांवर आलेच असेल. पुढे मोठी सरकती काच लावायची, म्हणजे अंगणही दिसेल! या बेताला माझा विरोध आहे. तो जुन्याच्या प्रेमापोटी नव्हे, सूर्याच्या हिशेबाने आहे.

जुन्नर सुमारे १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. २२ डिसेंबरच्या सुमारास भर दुपारी सूर्य तेथे दक्षिणेला, क्षितिजापासून सुमारे ४७ अंशांवर असतो. घर दक्षिणाभिमुख असेल आणि वळचण जमिनीपासून अडीच मीटर उंच असेल, तर ऊन सुमारे २.३ मीटर आत येते. मे महिन्याच्या मध्यास सूर्य थेट डोक्यावर येतो. तेव्हा दुपारचे ऊन वळचणीशीच थांबते. हिवाळ्यात ऊब, उन्हाळ्यात सावली, आणि विजेचा खर्च शून्य! लेण्याद्रीची लेणी दक्षिणाभिमुख आहेत. गणपतीच्या सातव्या लेण्यातही दालनापुढे खांबांची ओसरी आहे. सहलीला गेलात तर ऊन कुठवर येते ते जरूर पाहा. (घराचे तोंड पश्चिमेला असेल तर मात्र संध्याकाळचे तिरपे ऊन आत घुसते. तेथे वेल चढवावा.)

काचेचे उलटे आहे. सूर्यप्रकाश काचेतून सहज आत येतो आणि फरशी, भिंती तापवतो. त्यांतून निघणारे अवरक्त किरण काचेतून आरपार जात नाहीत, गरम हवाही कोंडते. उन्हात उभ्या मोटारीचे दार उघडताच अंगावर येणारी झळ आठवा.

"पण बिबट्याचे काय?" असे तुम्ही विचाराल, आणि ते रास्तच आहे. कुकडी प्रकल्पाचे पाणी आले, ऊस वाढला, उसात बिबट्या राहू लागला. त्याने माणसेही मारली आहेत. उघड्या ओसरीवर झोपा, असे मी कोणत्या तोंडाने सांगू? म्हणून जमिनीपासून छपरापर्यंत मजबूत लोखंडी जाळी लावा. वारा येईल, उजेड येईल, बिबट्या येणार नाही. शेजारच्या अकोले तालुक्यात विद्या अथ्रेया आणि सहकाऱ्यांनी बिबट्याची विष्ठा तपासली. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात त्याच्या आहारात सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचा आढळला. आपण काचेआड बसलो आणि कुत्रा, शेळ्या अंगणात ठेवल्या, तर ते त्याला दाराशी बोलावणेच झाले. तेव्हा पहिली जाळी गोठ्याला लावा, कुत्र्यालाही रात्री आत घ्या.

गवंडी येण्याआधी एक काम करा. भर दुपारी ओसरीत ऊन जेथवर येते, तेथे खडूने रेघ ओढून तारीख लिहा. दर पंधरा दिवसांनी नवी रेघ ओढा, आणि खोली वाढवण्याची गोष्ट पुन्हा निघेल तेव्हा त्या रेघा वडिलांना दाखवा.