आंतरजालाचाही फड हवा

पांझरेच्या काठी वाढलेल्या माणसाला ‘फड’ म्हणजे काय, हे समजावून सांगावे लागत नाही. नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून निघालेला पाट, पाटाला फुटलेल्या चाऱ्या आणि त्यांच्या खाली फडांत विभागलेली शेती. एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यायचे, पाणी पाळीने घ्यायचे, पाटातील गाळ मिळून काढायचा. पाणी सोडायला पाटकरी, राखणीला जागल्या; त्यांचा मोबदला शेतकऱ्यांनीच द्यायचा. पाणी कमी आले तर तूटही सर्वांनी वाटून घ्यायची. काही शतके चाललेली ही व्यवस्था कोणत्याही सरकारी खात्याने निर्माण केलेली नव्हती. धरणे, विहिरी आणि विजेचे पंप आल्यावर ती आक्रसली. परंतु तिच्यामागील विचार शिळा झालेला नाही. पिंपळनेर परिसराने तोच विचार आज एका नव्या पाटासाठी, म्हणजे आंतरजालासाठी, अंगीकारावा, असे सुचविण्यासाठी हा लेखनप्रपंच.

आंतरजाल आता करमणुकीपुरते राहिलेले नाही. रेशन दुकानातील अंगठा, किसान सन्मान निधीची ई-केवायसी, सातबाऱ्याचा उतारा, शिष्यवृत्तीचा अर्ज, शेताच्या बांधावरून करावयाची ई-पीक पाहणी, या साऱ्यांची वाट त्यातूनच जाते. पिंपळनेर ही बाजारपेठ. तिची गरज कशीबशी भागते. पश्चिम पट्ट्यातील डोंगरात विखुरलेल्या पाड्यांचे काय? खाजगी कंपनी ग्राहकसंख्या पाहून मनोरा उभारते. व्यापाराचा तो धर्मच आहे. २०२० मध्ये कोरोनामुळे शाळा बंद झाल्या, तेव्हा डोंगरी भागातील मुले ‘रेंज’साठी टेकडी चढत होती. घरात फोन एकच, तोही वडिलांबरोबर मजुरीला गेलेला. २०१६ नंतर मोबाइलवरील डेटा स्वस्त झाला हे खरे. पण जिथे संदेशच पोहोचत नाही, तिथे स्वस्ताईचा उपयोग काय?

शासनाने काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. ग्रामपंचायतींपर्यंत प्रकाशतंतूची केबल नेण्याची योजना २०११ मध्ये मंजूर झाली. पुढे ती ‘भारतनेट’ या नावाने विस्तारली. २०२३ मध्ये तिच्या सुधारित आराखड्यास १ लाख ३९ हजार ५७९ कोटी रुपयांची मंजुरी मिळाली. पण केबल पंचायतीच्या कपाटापर्यंत आली म्हणजे काम संपले नाही. रस्त्याच्या खोदकामात ती तुटते, वीज गेली की यंत्र बंद पडते, आणि दुरुस्तीला कोणी फिरकत नाही. बंधारा सरकार बांधून देईलही. घरोघरची चारी आणि तिचा गाळ हे गावाचेच काम आहे.

या कामात आज कायद्याची अडचणही फारशी उरलेली नाही. वाय-फायसाठी लागणारा २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ मध्ये आणि ५ गिगाहर्ट्झचा विस्तृत पट्टा २०१८ मध्ये परवानामुक्त झाला. ९ डिसेंबर २०२० रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘पीएम-वाणी’ योजना मंजूर केली. तिच्यानुसार किराणा दुकानदार, बचत गट वा वाचनालय यांपैकी कोणीही परवाना शुल्क न भरता सार्वजनिक वाय-फाय केंद्र चालवू शकते. मार्ग मोकळा आहे, चालणारे हवेत.

अर्थात, उत्साहाच्या भरात पूर्वीचे धडे विसरू नयेत. १९९८ मध्ये वारणानगर परिसरातील ७० गावांत संगणक आणि जोडणी नेण्याचा गाजलेला प्रकल्प सुरू झाला. सहकाराचा पाया भक्कम असल्याने तो उभा राहिला. प्रत्यक्षात मात्र संगणकाचा मुख्य उपयोग उसाचे वजन आणि हिशेब यांपुरताच राहिला. पुढे काही गावांत तेच काम साध्या मोबाइल संदेशांवर करून पाहण्यात आले, आणि ते जमलेही. धडा स्पष्ट आहे : यंत्र आधी आणि गरज नंतर, असा उलटा क्रम लावला की यंत्र धूळ खात पडते. याउलट, स्पेनमधील कातालोनिया प्रांतात ग्रामीण भागाला कंपन्या जोडणी देईनात, तेव्हा २००४ मध्ये ‘गुइफी’ नावाचे सामाईक जाळे रहिवाशांनीच सुरू केले. जो जोडला जाईल त्याने दुसऱ्यालाही जोडून घ्यायचे, हा त्याचा नियम. आज त्यात हजारो जोडण्या आहेत. युरोपला जे नव्याने शोधावे लागले, ते पांझरेच्या खोऱ्याला परके नाही.

पिंपळनेरला काय करता येईल? आरंभ लहान असावा. शाळा, प्राथमिक आरोग्य केंद्र, वाचनालय आणि देवस्थानाचा सभामंडप या चार जागा केबलने जोडाव्यात. समोरासमोर दिसणाऱ्या दोन उंच जागांवर अँटेना बसवून पाड्यांपर्यंत बिनतारी दुवा न्यावा. प्रत्येक ठिकाणी बॅटरी आणि सौर पॅनेल असावे. पावसाळी विजेपासून रक्षणासाठी अर्थिंग चोख असावे. गावातील दोन-तीन तरुणांना केबल जोडण्याचे व यंत्र सांभाळण्याचे शिक्षण देऊन त्यांना मानधन द्यावे. हेच नवे पाटकरी. गतीचीही पाळी ठरवावी : दिवसा अभ्यास, आरोग्य आणि शासकीय कामे, करमणूक त्यानंतर. जमाखर्च दरमहा फळ्यावर लागावा. नामसप्ताहासाठी जो समाज न सांगता वर्गणी देतो, तो ज्ञानाच्या या पाटासाठी हात आखडता घेईल, असे मानण्याचे कारण नाही.

या माध्यमातून अश्लीलता आणि अपप्रचारही घरात शिरेल, ही पालकांची भीती रास्त आहे. पण तो धोका आजही प्रत्येकाच्या खिशात एकांतात आहेच. सामाईक जाळ्यात वापरणाऱ्याची ओळख पटवावी लागते, जागा चारचौघांतली असते आणि नियम गावाचे असतात. गैरवापर रोखण्याची शक्यता येथेच अधिक आहे.

सहकारी संस्थांचे वाईट अनुभव सांगून कोणी म्हणेल की, सामाईक ते कोणाचेच नसते. त्यांनी आपल्याच साक्री तालुक्यातील बारीपाड्याकडे पाहावे. १९९० च्या दशकात तेथील ग्रामस्थांनी उजाड झालेले रान राखायचे ठरवले. कुऱ्हाडबंदी, नियम मोडणाऱ्यास दंड आणि राखणीची जबाबदारी हे सारे त्यांनी स्वतःच ठरवले आणि स्वतःच पाळले. वनवासी कल्याण आश्रमाचे कार्यकर्ते चैत्राम पवार यांच्या नेतृत्वाखाली ४०० हेक्टरांहून अधिक जंगल उभे राहिले. २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा तो सन्मान एका गावाच्या सामूहिक शिस्तीचाही होता. सामाईक ते कोणाचेच नाही, हे नियम नसलेल्या गावात खरे असते. नियम आणि राखणदार असले की सामाईक ते सर्वांचे होते.

पं. दीनदयाळ उपाध्याय यांनी मांडलेल्या अंत्योदयाचा उच्चार आपण अनेकदा करतो. त्याचा आजचा अर्थ असाही आहे की, बाजारपेठेतील दुकानाला जी जोडणी मिळते, ती शेवटच्या पाड्यावरील विद्यार्थिनीलाही मिळावी. त्यासाठी अर्जविनंत्या कराव्यातच; पण अर्जाच्या उत्तराची वाट पाहत बसू नये. आपल्या पूर्वजांनी बंधाऱ्यासाठी दगड वाहिले, तेव्हा त्यांच्या हाती ना निधी होता ना शासन निर्णय. येत्या ग्रामसभेत वा वस्तीच्या बैठकीत कार्यकर्त्यांनी एवढाच प्रश्न विचारावा : पहिली चारी कोणत्या शाळेपर्यंत काढायची, आणि तिचा पाटकरी कोण?